खाल्ल्या मिठाला जागताना

आम्ही राहायला मानपाड्याला, घोडबंदर रोडवर. शाळा आमची उर्दू माध्यमाची आणि विषय इतिहास. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात आम्ही दांडीयात्रा शिकवत होतो. 12 मार्च 1930, साबरमती, 6 एप्रिल, मूठभर मीठ, हे सगळे फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, नमक की थैली तो बीस रुपये में आती है. उसके लिए इतने लोग जेल क्यूं गए?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी परतताना तो प्रश्न काही पाठ सोडेना. आम्ही तारखा शिकवल्या होत्या, मीठ शिकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने नवीनच बातमी आणली. तिने घरच्या मोबाइलवर मिठाची मशीद पाहिली होती. "सर, दीवारें नमक की हैं, अंदर बत्ती जलती है तो गुलाबी दिखती हैं. अपनी पिकनिक वहां ले चलो ना!" आम्ही नकाशा उघडून ती जागा दाखवली. ती पाकिस्तानातल्या पंजाबात, झेलम जिल्ह्यातली खेवड्याची खाण. मुलीचा चेहरा उतरला. तेव्हा आम्ही सहज बोलून गेलो, "मिठाची खाण नाही, पण मिठाचे शेत आपल्या घरापासून तासाभरावर आहे. ते दाखवतो." वर्गात एकदम कालवा झाला. शब्द दिला होता, तो पाळावा लागणार होता. हा लेख त्या सहलीचा आणि त्या निमित्ताने आम्ही स्वतः जे शिकलो त्याचा.

आधी खेवड्याविषयी सांगतो, कारण मुलांचे कुतूहल तिथूनच जागे झाले. सिकंदराच्या घोड्यांनी दगड चाटले आणि मिठाचा शोध लागला, अशी तिथली दंतकथा आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त तिथल्या मिठाची नोंद केली आहे, म्हणजे अकबराच्या काळी ते मीठ सरकारदरबारी चांगलेच माहीत होते. 1849 मध्ये पंजाब इंग्रजांकडे गेला आणि 1872 च्या सुमारास डॉ. वॉर्थ यांच्या देखरेखीखाली मुख्य बोगदा काढण्यात आला. निम्मे मीठ काढायचे आणि निम्मे खांब म्हणून उभे ठेवायचे, अशी तिथली पद्धत. त्यामुळे आत मोठमोठी दालने तयार झाली. उन्हाळा असो वा हिवाळा, आतले तापमान 18 ते 19 अंशांच्या आसपास राहते. आज तिथे छोट्या रेल्वेगाडीतून पर्यटक आत जातात, दिव्यांनी उजळलेल्या रंगीत मिठाच्या विटांची ती मशीद पाहतात, मिठाचे दिवे विकत घेऊन घरी जातात. इंग्रजांच्या अमलात याच बोगद्यांत मजुरांवर किती सक्ती झाली, ते मात्र दिव्यांच्या झगमगाटात फारसे कोणाच्या लक्षात येत नसावे.

आपल्या मराठीत या मिठाला सैंधव किंवा शेंदेलोण म्हणतात. सिंधूच्या मुलखातले म्हणून सैंधव. फाळणीनंतर खाण तिकडे गेली, नाव मात्र आपल्या आजीबाईंच्या बटव्यात राहिले. 2025 मध्ये भारताने पाकिस्तानातून होणारी आयात बंद केली, तरी चूर्णाच्या डबीवरचा 'सैंधव' शब्द काही पुसला गेला नाही.

महाराष्ट्रात डोंगर पोखरून काढायचे मीठ नाही. पण मिठाचा इतिहास आपल्याकडेही काही कमी जुना नाही. त्याच 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आले आहे. काच आणि साबण यांना लागणारे क्षार तिथे मिळत आणि त्यावर सरकारला महसूल मिळे, असे अबुल फजल सांगतो. लोणार, लोणारी, लोणचे या सगळ्या शब्दांत 'लवण' आहे. त्याहून मागे जायचे तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना दिलेल्या जमिनीचा लेख कोरलेला आहे. राजाची माणसे या जमिनीत शिरणार नाहीत, अशा सवलतींच्या यादीत एक शब्द येतो, 'अलोणखादक'. म्हणजे या जमिनीत मिठासाठी कोणी खणणार नाही. सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा हा शब्द आहे. सवलत द्यावी लागली याचाच अर्थ असा, की एरवी मिठावर हक्क राजाचा होता.

हे वाचताना आम्हाला हदीसमधला एक प्रसंग आठवला. अब्यज बिन हम्माल नावाच्या सहाबींनी यमनमधल्या मारिबचे मीठ आपल्या नावे करून मागितले. हजरत मुहम्मद (स.) यांनी ते दिले. मजलिसीत कोणी लक्षात आणून दिले की हे मीठ म्हणजे अखंड वाहत्या पाण्यासारखे आहे. तेव्हा हुजूरांनी ते परत घेतले. जे जमिनीवर आयते मिळते, ज्याच्यावाचून कोणाचे चालत नाही, ते एकाच्या मालकीचे करू नये, असा दंडक फिकहच्या जाणकारांनी यातून काढला. मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हाला इथे मिळाले. उरलेले अर्धे मिठागरात मिळायचे होते.

फेब्रुवारीतली एक सकाळ ठरली. एका परिचिताच्या ओळखीने भाईंदरकडच्या खाडीकाठच्या एका मिठागरात जाण्याची परवानगी मिळाली. मुले, मुली, दोन शिक्षिका आणि आम्ही, अशी वरात घोडबंदरच्या रस्त्याने निघाली. घोडबंदर हे नावच बंदराचे. एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मुलांनी ही खाडी रोज बसमधून पाहिलेली होती, पण तिच्याजवळ कोणी गेले नव्हते.

मिठागरात पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटे मुले नाराज झाली. बोगदा नाही, दिवे नाहीत, तिकीटघर नाही. समोर नुसते मातीचे बांध, त्यात आरशासारखे वाफे आणि दूरवर पांढऱ्या राशी. मग तिथले एक वयस्कर आगरी काका पुढे आले. डोक्याला रुमाल, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. मुलांनी त्यांना लगेच 'चाचा' करून टाकले. काका म्हणाले, "मास्तर, मीठ कुनी करीत नाय. मीठ ऊन करतं नि वारा करतो. आमी फक्त पान्याला वाट दावतो."

पण ती वाट दाखवणे म्हणजे काय काम असते, ते पुढच्या तासाभरात कळले. पाऊस संपला की दिवाळीच्या सुमारास बांध दुरुस्त करायचे. वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, नाहीतर पाणी जिरते आणि मिठात माती येते. उधाणाच्या भरतीला उघाडीतून खाडीचे पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचे. तिथून ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवायचे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. उन्हाने पाणी उडत जाते आणि उरलेले दाट होत जाते. बोमे नावाचे मापक पाण्यात सोडून दाटपणा मोजता येतो. तो साधारण 25 अंशांवर आला की मीठ धरू लागते आणि 29-30 च्या आसपास गेला की उरलेले कडवट पाणी काढून टाकावे लागते, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. काकांना मापक लागत नव्हते. ते पाण्याच्या रंगावरून सांगत होते.

मीठ धरले की लाकडी फावड्याने ते बांधाकडे ओढायचे, पाणी निथळू द्यायचे, मग पाटीत भरून डोक्यावरून राशीपर्यंत न्यायचे. बायका आणि पुरुष दोघेही हे काम करत होते. मे अखेर नाहीतर जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हंगाम. त्यात अवकाळी पाऊस आला तर महिन्याभराची मेहनत एका रात्रीत विरघळते. एका मुलीने विचारले, "चाचा, पांव नहीं जलते?" काकांनी पाय वर करून तळवा दाखवला. भेगा पडलेला, पांढरा, लाकडासारखा कडक. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त आपली चप्पल काढली आणि वाफ्याच्या कडेला पाय टेकवून पाहिला आणि लगेच मागे घेतला.

मीठ पिकवण्याच्या जागेला आगर म्हणतात आणि आगरी हे नाव त्यावरूनच आले, असे मानले जाते. ठाणे, रायगडच्या खाड्यांकाठी या समाजाच्या पिढ्या खारवट जमिनीत भात आणि मीठ पिकवत आल्या. 1882 साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही इथल्या मिठागरांची माहिती आहे. आपण कोकणी मुसलमान, भिवंडीचे, कल्याणचे, पनवेलचे, याच खाड्यांकाठचे. आपल्या मासळीला, लोणच्याला, खिम्याला पिढ्यान् पिढ्या हेच मीठ लागले. नजर काढताना आमची नानी मुठीत मीठ-मिरच्या घ्यायची आणि शेजारची आगरीण मावशीही तशीच घ्यायची.

तिथेच एका राशीच्या सावलीला मुलांना बसवून आम्ही राहिलेला धडा पुरा केला. इतके स्वस्त मीठ, तर त्यासाठी तुरुंग का?

मुंबई इलाख्यात 1837 मध्ये इंग्रजांनी मिठावर मणामागे आठ आणे कर बसवला. 1844 मध्ये तो एक रुपया केला, तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. म्हणजे दांडीच्या 86 वर्षे आधी गुजरातच्या सामान्य माणसाने मिठासाठी दंगा केला होता. उत्तरेत तर स्वस्त मीठ महाग मुलखात जाऊ नये म्हणून पंजाबपासून बऱ्हाणपूर ओलांडून ओरिसाच्या दिशेने दोन हजार मैलांहून लांब जकातीची सीमा आखली होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण वाढवलेले होते आणि सुमारे 12 हजार माणसे पहाऱ्यावर होती. 1867 ते 1870 या काळात या खात्याचे प्रमुख होते ए. ओ. ह्यूम, ज्यांनी पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ती सीमा 1879 मध्ये मोडली, पण कर काही मोडला नाही. 1923 मध्ये कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने कर दुप्पट केला, मणामागे अडीच रुपये. पुढच्या वर्षी तो परत सव्वा रुपयावर आला. सर्वात वाईट म्हणजे खाडीकाठच्या माणसाने दारात साचलेले मीठ उचलले तरी तो गुन्हा होता. मीठ काकांच्या पायाखालचे आणि हक्क सरकारचा.

आता तो मुलगा गप्प झाला होता. आम्ही पुढे सांगितले, जे पाठ शिकवताना आम्हीही अनेक वर्षे घाईने ओलांडून गेलो होतो. दांडीनंतर गांधीजींनी धारासणाच्या मिठागरावर जायचे ठरवले. 5 मे 1930 च्या पहाटे त्यांना अटक झाली. मग नेतृत्व कोणाकडे गेले? अब्बास तय्यबजींकडे. वय 76. बडोदा संस्थानच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश, विलायतेत शिकलेले, 1919 च्या जालियनवाला हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या काँग्रेस समितीत काम केलेले. ज्या बदरुद्दीन तय्यबजींनी 1874 मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि जे 1887 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, त्यांचे हे पुतणे. 12 मे रोजी तेही पकडले गेले. मग सरोजिनी नायडू आल्या. 21 मे रोजी सुमारे अडीच हजार सत्याग्रही धारासणाला पुढे सरकले. त्यांच्या पुढाऱ्यांत दक्षिण आफ्रिकेपासून गांधीजींच्या सोबत असलेले इमामसाहेब अब्दुल कादिर बावझीर होते. लाठ्या पडत होत्या, लोक कोसळत होते आणि हात कोणी उचलत नव्हते. अमेरिकन वार्ताहर वेब मिलरने हे पाहिले आणि जगाला कळवले.

मिठाची ही लढाई फक्त गुजरातेत झाली नाही. त्याच मे महिन्यात तेव्हाच्या रत्नागिरी आणि आताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोक पुन्हा पुन्हा धावून गेले. 1 जून 1930 रोजी तिथे सुमारे 15 हजारांचा जमाव होता. आज वडाळ्याहून लोकलने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? शेवटी हा कर रद्द करण्याचा प्रस्ताव आला तो फेब्रुवारी 1947 च्या अंदाजपत्रकात. ते मांडणारे हंगामी सरकारचे अर्थमंत्री होते लियाकत अली खान. काही महिन्यांत देश तुटला, खेवड्याची खाण त्यांच्या वाट्याला आणि वडाळ्याचे मिठागर आपल्या वाट्याला आले. पण मिठावरचा कर उठला तो दोन्हीकडच्या गरिबांसाठी एकदमच.

मुलाने हळूच विचारले, "सर, ये अब्बास तय्यबजी अपने थे?" आम्ही थोडे थांबलो. मग म्हणालो, "बेटा, ते आपले होते आणि सगळ्यांचे होते. मिठासारखे." याहून बरे उत्तर आम्हाला सुचले नाही.

परत निघताना काकांनी सांगितले की त्यांची मुले या कामात नाहीत. एक रिक्षा चालवतो, दुसरा मॉलमध्ये आहे. देशातल्या मिठापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ आता गुजरातेत पिकते. 2006 पासून आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला पुन्हा बंदी आली, तेव्हा लहान आगरवाल्यांची गिऱ्हाइके आणखी कमी झाली. त्यांचे बरेचसे मीठ आता कारखान्यात, बर्फात, मासळीत जाते. आणि जमीन? मुंबईत पाच हजार एकरांहून अधिक मिठागरांची जमीन आहे. त्यातली कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची सुमारे 256 एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. यावर बोलताना आम्हाला जड जाते. धारावीत आमचे नातेवाईक आहेत, आमचे जुने विद्यार्थी आहेत. त्यांना घर हवे आहे, हे आम्ही नाकारू शकत नाही. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा लागते हे आपण सगळ्यांनी गळाभर पाण्यात उभे राहून शिकलो. मिठागर ही तशीच पाण्याची जागा आहे. खाडीकाठी पहिला बळी सखल वस्तीचा जातो आणि सखल वस्तीत कोण राहते, हे या वाचकांना सांगायला नको.

इकडे पर्यटन आले आहे, नाही असे नाही. ठाण्याच्या खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीहून बोटीने लोक गुलाबी पक्षी पाहायला जातात. आम्हीही मुलांना नेले आणि मुले हरखून गेली. पक्षी सुंदर आहेत, त्यांचे रक्षण झालेच पाहिजे. पण खेवड्याला मीठ दिव्यांत न्हाऊन निघते आणि मजूर अंधारात राहतो, तसेच आपल्याकडे पक्ष्यावर दुर्बीण रोखली जाते आणि बांधावरचा माणूस तिच्याबाहेर राहतो.

आमचे मागणे फार मोठे नाही. ठाणे-मुंबईच्या खाडीकाठी निदान एक मिठागर चालू स्थितीत राखावे. तिथे आगरी काका-मावशींनी पगार घेऊन शाळेच्या मुलांना मीठ कसे पिकते ते दाखवावे. एक फलक असावा, मराठीत, आणि जमले तर उर्दूतही. त्यावर वडाळा आणि शिरोडा असावे, अब्बास तय्यबजी आणि इमामसाहेब असावेत, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या आगरी बायाबापड्यांसाठी एक ओळ असावी. हे सरकारने करावेच. पण तोवर आपण शिक्षकांनी एक सकाळ काढायला काय हरकत आहे? भाडे बसचे तेवढे लागते.

उर्दूत आपण नमकहलाल म्हणतो, मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतो. दोन भाषांनी एकच गोष्ट सांगितली आहे. आपण या खाडीचे मीठ खाल्ले. ते कोणी पिकवले आणि ते सर्वांचे राहावे म्हणून कोण तुरुंगात गेले, हे मुलांना ठाऊक असणे, इतके तरी जागणे आपल्याकडून व्हावे.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलाने वर्गात एक कागदाची पुडी आणली. काकांनी दिलेले खडे मीठ होते ते, मळकट, जाड, थोडे ओलसर. ते त्याने प्रत्येकाच्या तळहातावर एकेक खडा ठेवले. आमच्याही. त्या दिवशी फळ्यावर आम्ही एकही तारीख लिहिली नाही.